झड

द्वीना नदीवरचा बर्फ फुटला
त्याच आठवड्यात तुमानही फुटला.
आधी मांड्यांवर, मग मानेभोवती
पांढरे पुंजके सुटून उभे राहिले
उसवलेल्या गादीसारखे.
तुमान म्हणजे धुकं. नाव येफीमने ठेवलं
आणि नाव ठेवून झाल्यावर
तो वर्षातले आठ महिने उत्तरेला, वायूच्या विहिरींवर.
धुकं निस्तरायला मी.

चौथा मजला, दीड खोली,
खिडक्यांच्या फटींत अजून हिवाळ्याचा कागद.
केस चहात. केस लोण्यात.
चष्म्याच्या बिजागरीत एक,
पेन्शनच्या पुस्तकात एक, खूण ठेवल्यासारखा.
केसाने गळा कापतात म्हणे;
माझा नुसता खवखवतो.

पहिल्या वर्षी मी कात्री घेऊन बसले होते.
पशुवैद्य झ्लाता इगोरेव्हनाने मनगटच धरलं :
भादरू नका.
वरचे लांब केस हे त्याचं छप्पर,
आतली लव ही शेगडी.
उन्हाळ्यात तो शेगडी बाहेर टाकतो, एवढंच.
छप्पर काढलंत तर ऊन थेट कातडीवर,
आणि पुन्हा येईल ते धड येईलच असं नाही.

म्हणून आता रोज संध्याकाळी
(संध्याकाळ म्हणायची; जूनमध्ये इथे
सूर्य नावापुरता बुडतो)
बाल्कनीत जुनी चादर पसरते.
लांब दातांची फणी,
एकेक थर उचलून, मुळापासून टोकाकडे.
कानामागे फक्त बोटं.
शेपटीपाशी तो गुरगुरतो, तिथे मी विषय बदलते.
आधी कोरडा विंचरायचा, मग न्हाऊ घालायचा;
उलट केलं तर अंगावरच नमदा होतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
टबाच्या तुंबलेल्या तोंडाने सांगितलं,
आणि प्लंबर गेन्नादीने, दोन हजार रूबल मोजून घेऊन.

मग पॉपलरची झाडं कापूस सोडतात
आणि सगळं शहरच झडायला लागतं.
कोपऱ्याकोपऱ्यात पांढरे गुंडे लोळतात,
कुठला झाडाचा, कुठला तुमानचा,
चिमण्यासुद्धा विचारत नाहीत.
तिसऱ्या मजल्यावरच्या रिम्मा अर्काद्येव्हनाला मात्र
बरोबर कळतं.
जिन्यात तिने कागद लावला, लाल शाईत :
"माझ्या धुतलेल्या चादरींवर कुत्रा पडतो आहे."
वाक्यात चूक काढता येईना.

जुलैपर्यंत उशीचे तीन अभ्रे भरले.
येफीम फोनवर म्हणाला, टाकून दे.
इतकं विंचरलेलं
माणसाच्या हाताने टाकवत नाही.
बेटापलीकडे म्हातारी उस्तीन्या अजून चाती फिरवते.
तिने पिंजून पाहिलं, हुंगलं,
म्हणाली, मेंढीपेक्षा ऊब धरेल.
मजुरी म्हणून एक अभ्रा ठेवून घेतला.
उरलेल्या सुताचा मी कमरपट्टा विणला,
चार बोटं रुंद, धुरकट पांढरा,
येफीम परतेल तेव्हाचा म्हणून.

ऑक्टोबरात दारावर टकटक.
रिम्मा, काटकोनात वाकलेली,
एक हात भिंतीला.
नऊ दिवस झाले, म्हणाली, दुखणं पाठ सोडत नाही.
मलम आहे का, असं विचारायला आली होती.
मी पट्टा आणला.
तिने तो उजेडात धरला. ओळखला.
बराच वेळ आमच्यामध्ये
फक्त फ्रिज बोलत होता.

"धुतलाय ना?"
"तीनदा."

मी मागून गाठ मारली.
तेवढ्यात तुमान बाहेर आला,
तिच्या कमरेशी नाक नेलं, थबकला.
एक फेरी मारली तिच्याभोवती.
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं,
काहीतरी जुळेना त्याचं;
शेवटी तिच्या पावलावर बूड टेकून बसला.
तिने पाऊल काढून घेतलं नाही.
वाकता येत नव्हतं म्हणूनही असेल.

लाल शाईचा कागद अजून जिन्यात आहे.
त्याच्यासमोरून ती उतरत गेली,
कठडा धरून, एकेक पायरी,
आणि स्वेटरखालून तिच्या
थोडासा जून बाहेर लोंबत होता.

मी आत येऊन चहा ओतला.
केस होताच.