मंगळवारी या

"मंगळवारी या," मी सोमवारी म्हणायचो,
शनिवारी म्हणायचो,
आणि मंगळवारी कुणी आलंच तर
"पुढच्या."

माझं नाव कोबिना. आमच्या किनाऱ्यावर
मंगळवारी जन्मलेल्या मुलाला हेच नाव पडतं.
म्हणजे वायदा मी माझ्याच नावाचा द्यायचो.

मॅडम एस्सिलफींच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर
तिसऱ्या हप्त्याआधीच मुका झाला.
चार टोपल्या तारल्या त्यांनी माडाखाली पुरल्या
आणि वॉरंटीचं कार्ड पिशवीत गुंडाळून
शामाहून टाकोराडीला आल्या. सात वेळा.
सातव्या वेळी त्यांनी बसायला खुर्ची मागितली.
मी म्हणालो, खुर्च्या विकायच्या आहेत.
हे वाक्य अजून माझ्या उशीखाली आहे.

टर्कसनसाहेबांनी शिकवलं होतं:
गिऱ्हाईक ओरडलं की आपण हळू बोलायचं,
रडलं की पाणी द्यायचं,
शोरूममधल्या चालू फ्रीजमधलं, गार,
म्हणजे माल चांगला असल्याची खात्री पटते.
गप्प गिऱ्हाइकाचं काय करायचं
ते राहून गेलं शिकवायचं.

मंगळवारी आमच्या होड्या पाण्यात उतरत नाहीत.
तो दिवस समुद्राचा. जाळी वाळत पडतात,
बायकांचे हात मोकळे.
अक्राच्या हेड ऑफिसला हे कुठून ठाऊक असणार!
मला ठाऊक होतं. पगार सुरू झाल्यावर विसरलो.

त्या मंगळवारी एकवीस जणी आल्या,
सगळ्यांचं मॉडेल एकच, बिघाड एकच.
डोक्यावर घमेली, घमेल्यांवर फडकी.
वाटलं, सडकी मासळी ओतणार आता.
मी नाकाला रुमालसुद्धा लावला.
मॅडमनी फडकं उचललं:
दहा-दहा पेसेवांची नाणी.
"हप्ता भरायला आलोय. तीनशे सेडी.
मोजून घे, बाळ. आणि पावती दे."

तीन हजार नाणी. एकीची.
ट्रोट्रोच्या पोरांकडून, चर्चच्या पेटीतून,
नातवंडांचे गल्ले फोडून जमवलेली.
काहींना खवले चिकटलेले.
चौदाशे बाराला साहेबांनी हाक मारली
आणि आकडा सांडला. पुन्हा एकपासून.
"सावकाश," मॅडम म्हणाल्या,
"आज मंगळवार आहे."

टीव्ही घ्यायला आलेलं एक जोडपं
रांगेच्या शेपटाशी थबकलं.
शेवटच्या बाईंनी, आबा क्वान्सांनी, त्यांना सगळं सांगितलं,
आवाज न चढवता, तारखांसकट.
जोडपं समोरच्या दुकानात गेलं.
त्यांच्यामागून आणखी एक म्हातारा.
काचेतून मला त्याची पाठ दिसत राहिली.

तीन वाजेपर्यंत मी दोन पावत्या फाडल्या.
साडेतीनला अक्राहून फोन.
चार महिने तो नंबर मी फिरवत होतो,
तिकडून नुसता पियानो वाजायचा.
आज त्यांनी मला लावला.
"किती जणी आहेत?"
"सर," मी म्हणालो, "मोजतोय."

कॉम्प्रेसर गुरुवारी आले. सात.
उरलेल्या चौदा जणींना पत्र आलं,
तक्रार विचाराधीन आहे.
दारावर सूचनाही लागली, मीच लावली:
सुटी नाणी घेतली जाणार नाहीत.
खाऱ्या हवेने चिकटपट्टी सुटते.
मी परत लावायला जात नाही.

बाजारात आता थापेला मंगळवार म्हणतात.
"कालचा बांगडा ताजा म्हणतेस? मंगळवार नको सांगूस."
आईने विचारलं, हे कुठून निघालं रे?
मी हात धूत होतो.
धातूचा आणि तारल्यांचा एकत्र वास,
साबणाला दाद देत नाही.

चौदा जणी पुढच्या महिन्यात येतील.
विकायच्या खुर्च्यांतल्या दोन मी काढल्या,
प्लास्टिक सोलून काउंटरसमोर मांडल्या.
"या कुणासाठी?" टर्कसनसाहेबांनी विचारलं.
"मंगळवारी सांगतो," मी म्हणालो.