टेंपोरल बोन, डावी बाजू

गिळू नका, एल्स्पेथ म्हणाली, चाळीस सेकंद.
नेमकी तेव्हाच तोंडात लाळ दाटली.
फेब्रुवारीतल्या ऑपरेशनपासून तिला
जुन्या नाण्याची चव आहे.

रिकीब काढली होती माझी. तिळाएवढी.
घोड्यावर कधी बसले नाही,
पण रिकीब होती, आणि ती थिजली होती.
तिच्या जागी टायटॅनियमची दांडी,
शितापेक्षा बारीक, ऐरणीला आकड्याने टांगलेली.
मिस्टर रॅटरेंनी चित्र काढून दाखवलं:
हातोडी, ऐरण.
म्हणजे आत लोहारकाम चालतं
आणि आपल्याला वाटतं, कुणी बोलतंय.

अकरा दिवस सगळं ऐकू आलं.
टे नदीच्या पुलावरची आगगाडी, तीही पलंगावरून.
सीगलांची भांडणं. मुकुंदचं भात चावणं,
जे नसतं आलं तरी चाललं असतं.

शिंकताना तोंड उघडं ठेवा, असं कागदावर होतं.
पण डंडीतल्या त्या बेकरीत
पुढे एक म्हातारी उभी होती, नीटनेटक्या टोपीतली.
मी तोंड मिटलं.
डावी बाजू
दार न वाजवता निघून गेली.

चिमटा कपाळावर टेकवला
तर सूर त्याच बहिऱ्या कानात वाजला.
चांगलं आहे, रॅटरे म्हणाले, नस जिवंत आहे,
बिघाड वाटेत आहे. फोटो काढू.

पडद्यावर माझं हाड, राखाडी,
मधाच्या पोळ्यासारखं पोकळ.
गोगलगाय अडीच वेढे घेऊन निजलेली.
आणि ती दांडी, एक पांढरी रेघ,
ऐरणीपासून सुटलेली.
किती? मिलिमीटरभरही नाही.
त्या फटीत आगगाडी पडली,
माझा अर्धा पगार पडला.

मी फोनवरची दुभाषी.
रिपोर्टातल्या शब्दाला मराठी शोधत बसले.
विस्थापित? नको, तो धरणाखालच्या गावांचा.
निसटलेली म्हणावं. बांगडीसारखी, साबणाच्या हातातून.

पुन्हा उघडायचं तर
शंभरात एखादा कान कायमचा जातो.
सहीची जागा अजून कोरी आहे,
फ्रिजवर, मॅग्नेटखाली.

संध्याकाळी ॲबर्डीनहून कॉल.
कुणी पाटणकर, गुडघा बदलायचाय, घाबरलेत.
सवयीने फोन डावीकडे लावला.
लांबवर नुसती घरघर.
मग उजवीकडे.
ते विचारतच होते, केव्हापासून कोण जाणे,
ऐकताय ना, बाई?