शून्य ते तीन

ट्रॉम्सो, डिसेंबर.
फॉर्मवरचा पहिला प्रश्न: दिवस-रात्रीचं भान आहे का?
ओस्मुन खिडकीकडे बघून हसला.
सकाळचे अकरा, बाहेर निळा काळोख,
तीन आठवडे सूर्य गावाकडे फिरकलेला नाही.
"तुम्हाला तरी आहे का?"
मी 'आहे'वर खूण केली.

जिना? चढतो.
किती पायऱ्या? सगळ्या.
गुद्वैगनं मफलरची घडी मोडली, पुन्हा घातली.
वळणावर स्टूल ठेवलंय, त्यावर तो दहा मिनिटं बसतो,
हे ती मला नंतर सांगणार होती, लिफ्टपाशी.

झोप? ठीक. भूक? ठीक.
हात? त्यानं पुढे केले.
चाळीस वर्षं दोर ओढलेले पंजे
माझी दोन बोटं धरून राहिले,
आणि मला कळेना,
दाबून झालं की अजून दाबायचंय.

मदत किती लागते, शून्य ते तीन.
कागदभर शून्यं,
कॉडच्या अंड्यांसारखी.

निघताना कोटाची दुसरी बाही सापडेना.
गुद्वैगचा हात पुढे गेला, मागे आला.
तेव्हा, आमच्याकडे पाठ करूनच, तो म्हणाला:

"मी जहाजाच्या पोटात होतो. अंगावर मासळीचा ढीग.
माहितीय, औषधांमुळे. डॉक्टरांनी समजावलंय.
पण वर डेकवर कोणीतरी गुणगुणायचं.
बेसूर. एकच ओळ.
मी म्हणायचो, आवाज येतोय
म्हणजे झाकण उघडं आहे.
तेही औषधांमुळेच का?"

'हो' जिभेवर आलंच होतं. दिवसातून कितीदा म्हणते.
मग आठवलं बादलीचं कुरकुरणारं चाक,
पहाटे तीनला फरशी पुसणारी सेनाइत, अस्माराची,
आणि ती ओळ, जी कधी पुढे गेलीच नाही.
तिला दोनदा गप्प बसायला सांगितलं होतं.
मीच.

"नाही," मी म्हणाले. "ते खरं होतं."

तो खाली बसला, अर्धा कोट अंगात.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

शेवटच्या चौकटीत मी लिहिलं:
जिन्याला कठडा, दोन्ही बाजूंनी.
बायकोला आठवड्यातून दोन रात्री झोप.
सेनाइतचा पत्ता, मिळाला तर
(गेल्या महिन्यात काम सोडून दक्षिणेला गेली म्हणतात).

"कुठली ओळ?" गुद्वैगनं विचारलं.
मी गुणगुणून पाहिली.
ओस्मुननं डोळे मिटून ऐकलं, मान हलवली.
"अंहं," तो म्हणाला,
"याहून बेसूर."