पुसणं

एसेनमधल्या त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या वाट्याला दिवसाला सहाशे वाक्यं येतात.
एकेकाला फार तर पाऊण मिनिट.
उघड बेकायदा असेल तर चोवीस तासांत पुसायचं,
संशय असेल तर सात दिवस,
आणि चुकलं तर कंपनीला दंड,
त्यातली शून्यं बघून
माझ्या पगाराच्या चिठ्ठीला घेरी यावी.
साहजिकच, संशय आला की आम्ही पुसतो.

माझे आजोबा डॉर्टमुंडच्या एका दैनिकात खिळे जुळवायचे.
शिशाची अक्षरं, उलटी, डोक्यावर उभी.
ज्यांना मारायचं ठरत होतं
त्यांच्यासाठी तेव्हा एकच शब्द चालायचा: किडे.
आमच्या भाषेत त्याला दहा खिळे लागतात.
म्हातारपणी हातांना कंप सुटला
तरी रिकाम्या टेबलावर त्यांची बोटं
कधीकधी दहापर्यंत जायची.
'मी फक्त खिळे जुळवले, विब्के,' म्हणायचे,
'ठोकले दुसऱ्यांनी.'

ही नोकरी मी घेतली ती त्या दहा आकड्यासाठी.
हे मुलाखतीत सांगितलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या हाइडरून बाईंना माझं काम पसंत नाही.
त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात एक निकालपत्र आहे:
त्यांचे पणजोबा, बार्मेनचे विणकर,
संपाचं एक पत्रक, सहा महिने कैद.
गुन्हा: समाजातल्या वर्गांना एकमेकांवर चिथावणं.
'कलम बघ,' म्हणाल्या.
एकशे तीस.
जे माझ्या टेबलावर चिकटवलेलं आहे, तेच.
तेव्हा ते गिरणीमालकांच्या झोपेची राखण करायचं.
पुढे एका नाताळात कोलोनच्या सिनॅगॉगवर
कुणीतरी रंगानं हुकांचा क्रूस काढला,
आणि साठ साली
त्याच आकड्याखाली नवी वाक्यं आली.
घर तेच, भाडेकरू बदलला.
'उद्या कोण राहायला येईल,
घरमालकाला ठाऊक आहे का?'
चहा गार झाला होता. मी तसाच प्यायले.

सेनाद वाद घालत नाही.
तो प्रियेदोरहून आलाय, माझ्या शेजारी बसतो,
डब्यात रोज उकडलेले बटाटे.
एकदा न विचारता म्हणाला,
'आमच्या रेडिओवरचं वाक्य साधं होतं:
खिडकीला पांढरी चादर लावा.
एकही शिवी नाही त्यात.
तुझ्या यादीत सापडलं असतं?'
मी यादी उघडली. चारशे अकरा शब्द.
चादर नव्हती.

मग मार्चमधला तो मंगळवार.
गेल्सेनकिर्शेनची एक शिक्षिका, नेसरीन,
तिच्या टपालपेटीत आलेलं पत्र
जसंच्या तसं टाकते: सगळ्या शिव्या,
मुलाच्या शाळेचं नाव, 'तारीख कळवू.'
वर तिची एकच ओळ: हे माझ्या दारात आलं.
मला शिव्या दिसल्या.
वरची ओळ दिसली नाही, असं मी म्हणू शकत नाही.
अडतीस सेकंद.
तिचं खातं महिनाभर बंद.
पत्र लिहिणाऱ्याचं खातंच नव्हतं,
त्याच्याकडे फक्त तिचा पत्ता होता.

तिची तक्रार आली, तीन शब्दांची:
पुरावा कुठे गेला?

त्याला उत्तर द्यायला
आमच्याकडे रकाना नाही.
मी वरिष्ठांना म्हटलं. ते म्हणाले, कायदा हवाच ना तुला?
हवाच. आजही हवा.
तो दहा खिळ्यांचा शब्द पुन्हा येतो रोज,
कधी दोन अक्षरं तारांकित, कधी उंदराचं चित्र लावून,
आणि तो पुसताना माझा हात कापत नाही.

पण सात वर्षांत किती पुसलं मी,
आणि पुसलं कुणालाच नाही.

आजोबांच्या खणात एक खिळा राहिलाय,
कुठलंतरी उलटं अक्षर, झिजलेलं.
काल रात्री अंगठ्यावर दाबून धरला.
ठसा सुलटा उमटला.
घड्याळाकडे बघत बसले.
पाऊण मिनिट झालं.
होता अजून.