ञ चा त्र

जळगावच्या प्रेसनं यंदाही
‘प्रमाणपञ’ छापून पाठवलं,
त्र च्या जागी ञ.
फेगडे हेडसर म्हणाले, कोण बघतं?
मी चित्रकलेचा माणूस, मला दिसतं.
दोन रात्री बसलो,
आधी पांढरी शाई, मग काळी,
एकशे बारा वेळा ञ चा त्र केला
आणि कटनिब धुऊन नावं लिहायला घेतली.

हस्ताक्षर स्पर्धा, प्रथम: हेमांगी सपकाळे.
तिचं नाव लिहिताना
माझाच हात जरा सावरून चालला.

विज्ञान प्रदर्शन, द्वितीय: तसलीम तडवी.
शिलाई मशीनच्या पायट्यावर
केळीच्या खांबाचा दोर वळला त्यानं.
परीक्षकांनी ओढून पाहिला,
दोर तुटला नाही,
टेबल सरकलं.

आठशे मीटर, जिल्ह्यात दुसरी:
यादीत दीपाली पावरा.
तिला बोलावून घेतलं,
कारण मैदानावर पोरी भलत्याच नावानं ओरडत होत्या.
म्हणाली, घरी दितली.
दितवारी झाले म्हणून.
पहिलीत गुरुजींनी दीपाली केलं.
मग काय लिहू?
पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली.
“सर, धावताना मागून कुणी दीपाली म्हटलं
की मला वाटतं,
दुसरीच कुणीतरी माझ्या पुढे चाललीय.”

गॅदरिंगला भगवानअण्णांच्या दोन ट्रॉल्या
पाठीला पाठ लावून स्टेज झालं.
अनेरवरून असा गार वारा,
की स्वागतगीताच्या पोरी ‘सुस्वागतम्’मधला प्रत्येक ‘स’
दात वाजवून म्हणत होत्या.
शाळेमागे पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी,
धूर थेट पाहुण्यांच्या भाषणात.
भाषण काही थांबेना.

उपस्थितीचं बक्षीस पुकारलं: हरेश्वर कोळी,
जूनपासून एकही खाडा नाही,
गावच्या यात्रेलासुद्धा नाही.
आणि हरेश्वर गैरहजर.
मांडव हसून हसून वाकला.
तेवढ्यात धुराच्या आतून आवाज आला,
“आठे शे हो! वांगा सोली राह्यना!”
धावत आला,
माझ्या त्या अक्षराशेजारी
त्याचा काळा अंगठा उमटला.
एकशे बारातलं तेवढंच एक
मला पुन्हा बघावंसं वाटतं.

मग लाईट गेली.
माईक मुका. यादी क्लार्ककडे,
क्लार्क जनरेटरकडे.
हेडसरांनी मोबाईलची बॅटरी धरली
आणि थेट प्रमाणपत्रावरूनच वाचायला लागले.
दि... त...
थांबले. माझ्याकडे पाहिलं.
मी पडद्याकडे पाहत होतो,
पडदा म्हणजे आमच्या बाईंच्याच तीन साड्या.

माईक नव्हता, म्हणून ओरडावं लागलं त्यांना.
एरवी ‘शांतता राखा’ म्हणणारा आवाज
मैदान ओलांडून पार निंबाखाली गेला:
दितली! दितली जामसिंग पावरा!

निंबाखाली एक माणूस
तीन तास उकिडवा बसला होता,
आमच्या भाषणांतलं फारसं काही न पोचता.
तो उठला.
त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलंय.
पोरगी पुढच्या रांगेतून निघाली, बाप मागून,
आणि अंधारात दोघंही
एकदमच ट्रॉलीशी पोचले.
पाहुणे गोंधळले.
स्टीलचा डबा त्याच्या हातात दिला, कागद तिच्या.
त्यानं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं,
रिकामा होता,
तरी नीट परत लावलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं.
रेकॉर्डला जुळत नाही, हेडसर म्हणाले.
बोर्डाच्या हॉल तिकिटावर दीपालीच येणार,
ठाऊक आहे ना तुम्हाला?

येऊ द्या सर, मी म्हटलं.
ती परीक्षा बसून द्यायची असते.