परतीची ओळ

टार्टूत रात्रीचा दीड. खिडकीबाहेर उणे अकरा,
खोलीत सर्व्हरांची ऊब आणि माझा थंड चहा.
पाच मिनिटांचं काम म्हणून बूट दाराशी काढले होते,
ते आता कोरडे झालेत.

काम साधं सांगितलं होतं:
टार्टू, नार्वा, कुरेसारे – तिघांनी तिघांशी थेट बोलावं,
मधे कुणी मुकादम नको.
ते जमलं. गुरुवारीच जमलं.
एकमेकांच्या किल्ल्या पाठ झाल्या,
हाकेला ओ अठरा मिलिसेकंदांत.

आज बाहेरचा माणूस आत घ्यायचाय.
एंडेल. वय एकाहत्तर. विल्सांदी बेटावर
एक दुर्बीण, सरकारी लॅपटॉप,
आणि मोबाइलचं नेटवर्क, वाऱ्याच्या मर्जीने.
तो हिवाळी बदकं मोजतो.
त्याचे आकडे नार्वाच्या डिस्कवर उतरायला हवेत.
नार्वाच का, ते विचारू नका; जागा तिथे स्वस्त होती.

एंडेल माझ्या दारापर्यंत येतो.
मी त्याला पत्ता दिलाय, दहा-वीस-नऊ-सात,
पुढची वाट दाखवलीय.
तो निघतो.
मग काही नाही.
नकार नाही, लाल अक्षरं नाहीत.
विहिरीत दगड टाकावा
आणि आवाजच येऊ नये.

फायरवॉल पाहिली. फॉरवर्डिंग शून्याचं एक केलं होतं,
पुन्हा पाहिलं, एकच आहे.
मग नार्वाच्या उंबऱ्याला कान लावला:
पाकिटं येताहेत. बंद. मोहोर माझीच.
उघडली की आतून नाव निघतं ‘सात’,
आणि नार्वा सातला ओळखत नाही.
गुपचूप टाकून देतो.

तेव्हा काल्यूची जुनी फाइल उघडली.
टार्टूच्या नावापुढे एकच पत्ता, बाजूला शेरा:
‘तात्पुरतं. – का.’
त्याला सात वर्षं झाली.
का.ला जाऊन तीन.

ही ओळ दोन कामं करते,
आम्ही शिकवताना एकच सांगतो.
जाताना ती वाट असते,
येताना ती ओळख.
जिकडे धाडायचं ठाऊक नाही
तिकडून आलेलं घ्यायचंही नाही.
नार्वा मला ओळखतो,
माझं बोट धरून आलेल्याला नाही.

फोन लावला. रोदियोन चौथ्या रिंगला उठला.
माझं रशियन शाळेतलं, त्याचं एस्टोनियन दुकानातलं,
मधल्या जागेत आम्ही सावकाश बोलतो.
‘नऊचं अख्खं घराणं घालू, की एकटा सात?’
‘कोण आहे हा सात?’
‘बदकं मोजतो.’
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
‘आमच्या नदीवरही असतात,’ म्हणाला.
‘मोजत कुणी नाही.’
आणि अख्खं घराणं घातलं.

ओ आली. एक्केचाळीस मिलिसेकंद.
तिकडून एंडेलने लिहिलं: हिरवं झालं.

लगेच फाइल अर्ध्यात अडली,
जिन्याच्या वळणावर कपाट अडावं तशी.
लहान पाकिटं सुटत होती, मोठी नाही.
माप तेराशे ऐंशीवर आणलं. सरकली.
आणि त्याच्या लॅपटॉपला सांगून ठेवलं
दर पंचवीस सेकंदांनी ‘आहे’ म्हणायला,
रिकाम्या पाकिटाने का होईना;
गप्प राहिलेल्याचं दार
मोबाइल कंपनी परस्पर लावून घेते.

काल्यूचा शेरा पुसला नाही.
त्याच्याखाली आजची तारीख घातली,
पुढे ‘हेही. – उर्वे.’

आकडे मी बघायचे नसतात. बघितले.
आयडर चारशे अकरा. हंस नऊ.
शेवटच्या रकान्यात, जिथे काहीच लिहायचं नसतं,
एंडेलने लिहिलंय:
एक कोण ते कळलं नाही.
तरी मोजला.