नव्वद नंबर

तुर्केवाडीच्या नलवड्यांनी तो गवतकाप्या विकला
तेव्हा ते म्हणाले, "ताई, रंग नवाच आहे."
रंग खरोखरच नवा होता.
रंगाखाली काय आहे ते विचारायचं
मला सुचलं नाही.

पात्याच्या बगलेत घाटावरची काळी माती
वाळून चिकटलेली होती,
ती आरवलीच्या तांबड्या मातीत कधी मिसळून गेली
तेही कळलं नाही.
दोन पावसाळे तो छोट्या ट्रॅक्टरच्या मागे लागून
काजूखालची रानमोडी कापत राहिला.
आवाज करायचा.
जुनं आहे, करणारच, मी म्हटलं.

मग कार्तिकात एका सकाळी
खोपीतल्या चिऱ्यावर एक डाग, रुपयाएवढा.
दुसऱ्या दिवशी भाकरीएवढा.
मी नलवड्यांना मनात दोन शिव्या दिल्या
आणि बस्त्यावला फोन केला.

बस्त्याव म्हणजे चाळीस वर्षं
ट्रॉलरच्या पोटात इंजिनाशेजारी निजलेला माणूस.
कान गेलेत, म्हणून तो यंत्राला तळवा लावतो
आणि डोळे मिटतो,
ताप बघितल्यासारखा.
"आदी थंड होवंदे. सपाटीर ठेव.
गरम त्याल खोटा बोलता."

आम्ही चहा प्यायलो. तेल थंड झालं.
मग त्याने खालचा बोल्ट सोडला
आणि पत्र्याच्या डब्यात उतरली
पेज.
करडी, दुधाळ, पाणी प्यालेली.
त्याने ती दोन बोटांत चोळली, उन्हाकडे धरली.
तारलीच्या खवल्यांसारखा बारीक चुरा चमकत होता.
"दात झिजलेत. पण शाबूत आसत," म्हणाला,
आणि पालथा पडून खाली शिरला.

बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
मग हात बाहेर आला,
हातात निळ्या नायलॉनचा गुंडा,
दांड्याभोवती आवळून आवळून सील चिरलेला.
"ह्या जाळा कोणाचा?"

जाळं माझं होतं.
वानरांसाठी कलमांभोवती बांधायला
शिरोड्याच्या बंदरावरून मीच आणलं होतं,
फाटकं, किलोवर.
नलवड्यांच्या शिव्या
मी मनातल्या मनात परत घेतल्या,
दोनपैकी एक.

वरच्या झाकणावर श्वासाचं एक भोक असतं,
हे मला माहीत नव्हतं.
बस्त्यावने केरसुणीतला हीर काढून त्यात घातला.
हीर अडला.
आत कुंभारणीचं घर,
गोल, नीटस, बोटाने लिंपल्यासारखं.
त्यात गुंगीतला एक कोळी
आणि त्याला टेकून निजलेली पांढरी अळी.
बाहेर येता येत नाही म्हटल्यावर
तापलेली हवा तेलाला खाली रेटत होती,
आणि खाली माझं जाळं
दार उघडून बसलं होतं.

अळीचं काय करायचं, मी विचारलं.
कोंबडीने विचारलं नाही.

सील सावंतवाडीहून आलं, चुकीच्या मापाचं.
आठ दिवसांनी दुसरं आलं.
डिझेलने पोट धुतलं, दोनदा,
पुसायला माझी जुनी सुती साडी गेली.
मग नव्वद नंबरचं तेल,
घट्ट, काकवीच्या रंगाचं,
न घाई करता.
"किती घालायचं?"
त्याने बाजूचा छोटा बोल्ट दाखवला, उघडा ठेवलेला.
थांबलो.
तिथून पहिला थेंब ओघळला
आणि त्याने हात वर केला.
इतकंच. घरात सगळ्यांना कळलं असतं तर
किती भांडणं वाचली असती,
असं मला वाटलं, पण बस्त्यावला ऐकू येत नाही
म्हणून मी ते बोलले नाही.

खोपीच्या दारावर मी खडूने तारीख लिहिली,
खाली लिहिलं: दर पन्नास तासांनी बघणे.
हीर चौकटीत खोचून ठेवला.

काल ती परत आली,
तोंडात चिखलाची गोळी,
झाकणावर घिरट्या घालत.
मी भोकावर एक करवंटी उपडी घातली,
हवेला वाट राहील इतकी तिरकी.

आज बघते तर
ती करवंटीवरच बांधते आहे.
बांधू दे.